ओडु आणि ओढ

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाट उतरला, की केरी आणि साखळी ओलांडून आपण डिचोलीच्या मुलखात येतो. या तालुक्यात कारापूरला लागून सर्वण हे गाव आहे. माझी अक्का तिथे दिलेली, त्यामुळे पावसाळ्यात एकदा तरी घाट उतरणे होतेच. माड-पोफळी, भातशेती, तांबडी माती आणि कौलांवरून दिवसभर ठिबकणारे पाणी. पाहुण्याने खिडकीशी बसून चहा प्यावा, असे हे गाव. आमचे भावजी मात्र पहाटे साडेपाचला पळायला निघतात.

भावजींचे कर्जावर घेतलेले टिप्पर खनिज वाहायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि या तालुक्यातल्या कितीतरी घरांची मिळकत एका दिवसात अडली. पुढे काम सुरू झाले, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि चाके पुन्हा थांबली. २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम परत सुरू झाले, पण तोवर भावजींचे टिप्पर भंगारात गेले होते.

हे पळणे २०१२ चेच. हप्त्यांच्या काळजीने झोप लागेना, म्हणून ते पहाटे चालू लागले आणि चालता चालता पळू लागले. टिप्पर न्यायला माणसे यायची होती, त्या दिवशीही ते पळून आले, आंघोळ केली, चहा घेतला आणि मग किल्ली दिली. ‘‘ह्यांनी मनाला लावून घेतलं की काय, अशी भीती वाटायची रे,’’ असे अक्का अजून सांगते.

गेल्या श्रावणात मीही त्यांच्याबरोबर निघालो. पाऊस तिरका मारत होता, बूट पाण्याने जड झाले होते. पहिला अर्धा किलोमीटर अंग नकोच म्हणत होते, मग श्वासाला लय सापडली. ‘‘अशा पावसात कशाला, भावजी?’’ मी विचारले. ते कोकणीत म्हणाले, ‘‘पांय रावले, की तकली धांवपाक लागता.’’ पाय थांबले की डोके पळू लागते!

पळण्याने हप्ते फिटले नाहीत. ते फिटले अक्काच्या शिलाई मशीनवर आणि शाळेच्या बालरथावर भावजींनी धरलेल्या चालकाच्या नोकरीवर. पण ज्या दिवसांत सगळेच दुसऱ्यांच्या हातात होते, त्या दिवसांत एक काम तरी पुरे झाल्याचे समाधान पहाटेच मिळत होते. त्याला ना बँकेची मंजुरी लागे, ना कोर्टाचा निकाल.

वाचकहो, आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन धावले. त्या दिवशीही तिथे पाऊस होता आणि अंतर ४२.७५ किलोमीटर, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरने जास्तच. २ तास ५० मिनिटांत चौगुले एकोणिसावे आले. पदक नाही, पण भर पावसात शर्यत पुरी केली.

आपल्या घरांत कानडीत ‘ओडु’ म्हणजे पळ आणि मराठीत ‘ओढ’ म्हणजे मनाचे खेचणे. व्युत्पत्तीने हे शब्द एक नसतीलही, पण दोन्ही भाषा बोलणाऱ्या कानाला ते शेजारी वाटतात. दिवस कठीण असला, की ही ओढ कमी होत नाही, उलट वाढते. चांगल्या दिवशी माणूस तब्येतीसाठी पळतो, वाईट दिवशी आपण अजून उभे आहोत याची खात्री करून घेण्यासाठी.