मोरीतली डार्करूम

साठ-सत्तरच्या दशकात घरातल्या एकाला जरी फोटोचं वेड लागलं, तरी सगळं घर त्यात ओढलं जायचं. इलाजच नव्हता. मोरी एकच, आणि रात्रीची जेवणं उरकली की तिचीच डार्करूम व्हायची. खिडकीवर घोंगडी, दाराच्या फटीत जुनं लुगडं, होल्डरला झिरोचा लाल बल्ब. कुणी हातपाय धुवायला आलंच, तर आतून ओरड, “थांबा, कागद उघडाय!”

कॅमेरा बहुधा आगफा क्लिक थ्री. 120 च्या रोलवर 12 फोटो, त्यामुळे खटका दाबण्याआधी घरभर चर्चा. रोल धुताना मात्र लाल दिवाही वर्ज्य. मिट्ट काळोखात पाठीचा कागद सोडवायचा, फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि डेव्हलपरच्या वाडग्यातून ती खालीवर, खालीवर ओढत राहायची. वेळ सांगायला दाराबाहेर आई, घड्याळ घेऊन. उन्हाळ्यात द्रावण तापलं की फिल्मवरचा थर मऊ पडून सुटायचा, म्हणून वाडगं परातीतल्या बर्फात.

छपाईच्या कागदाला लाल उजेड बाधत नाही, म्हणून प्रिंटच्या वेळी आम्हा पोरांना आत प्रवेश. एन्लार्जर परवडणारे थोडेच. बाकीचे ‘इंदू’च्या कागदावर निगेटिव्ह काचेखाली दाबून तेवढाच चौकोनी प्रिंट काढत. हा कागद ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा. ट्रेमध्ये कागद बुडाला की आधी केस आणि साडीचे गडद काठ उमटायचे, गोरा चेहरा सगळ्यांत शेवटी. पण अंबाडा दिसला की चेहऱ्याची वाट कोण बघतंय? “आत्या आली!”

चकाकी हवी तर ओला प्रिंट स्वच्छ काचेवर पालथा घालून वरून लाटणं फिरवायचं. वाळला की आपसूक सुटायचा. काच तेलकट राहिली, तर अर्धी आत्या काचेवरच.

कंटाळवाणं काम म्हणजे धुणं. फोटो पक्का करायला वापरलेलं रसायन म्हणजे हायपो; कागदात मुरलेला तो घालवायला वाहत्या पाण्यात तासभर तरी हवा. 1972 च्या दुष्काळात तासभर नळ सोडू कोण देणार? दोन बादल्यांत भागवलं जाई. म्हणून आजीचा फोटो पिवळा पडला, तर सगळा दोष वयाला देऊ नका. उरलेला हायपोच बहुतेक वेळा नडलेला असतो.

माळ्यावरच्या ट्रंकेत निगेटिव्ह सापडल्या, तर रद्दीत टाकू नका. धड असतील तर त्यांवरून आजही नवा प्रिंट निघतो.