खिडकीतला आंबा

विलायतेच्या थंडीत आंब्याची कोय रुजते, असे सांगितले तर वसईचे वाचक हसतील. पण ती रुजते. अट एकच, कोय वाळू द्यायची नाही. आंब्याचे बी धान्यासारखे डब्यात भरून ठेवता येत नाही; सुकले की ते मेलेच. म्हणून फळ खाल्ल्यावर दोन-चार दिवसांतच आम्ही उभयतां कोयीचे कवच कडेने उघडतो, आतले बी ओल्या कागदात गुंडाळतो आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवतो. पंचवीस अंशांची ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत मूळ फुटते. मग लुळी, तांबूस पाने येतात. लंडनच्या राखाडी उजेडात तो रंग पाहावा!

फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा बंद केला. तो पुन्हा खुला करण्याचा निर्णय २०१५ च्या जानेवारीत झाला. त्या मोसमात आम्ही पाकिस्तानी चौसा खाल्ला आणि त्याच्याच कोयी लावल्या. आज घरात उरलेले एकमेव झाड त्यांतलेच. वसईकरांच्या घरी मुलतानकडचा पाहुणा!

तो चौसाच देईल असेही नाही. हापूस काय, चौसा काय, यांच्या कोयीत गर्भ एकच असतो आणि त्यात दुसऱ्या झाडाचा पराग मिसळलेला असतो. आईचे गुण जसेच्या तसे हवे असतील तर कलमच बांधावे लागते. अर्थात हा प्रश्न आमच्यापुरता पुस्तकीच आहे. डिसेंबरात येथे दिवस जेमतेम आठ तासांचा, पारा दहाच्या खाली उतरला की झाडाची वाढ थांबते, आणि कोवळ्या झाडाला हिमाची एक रात्र पुरते. इतक्या वर्षांत मोहोर आलेला नाही. तो येईल या आशेवर आम्ही झाड ठेवलेलेही नाही.

आमची कन्या येथेच जन्मली. लहानपणी नाताळात वसईला गेली असता, बावखलाकाठचा आमचा रायवळ पाहून तिने आजीला विचारले, "रात्री याला घरात कोण घेतं?" आजी पुढे कित्येक दिवस हे साऱ्या आळीला सांगत होत्या. आता आजी नाहीत. बावखल बुजले, रायवळ तोडला गेला, त्या जागी इमारत उभी आहे. तो रायवळही कोयीचाच होता. कोणी लावला हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याची एकही कोय आमच्यापाशी नाही.

चौशाची कुंडी आम्ही २९ सप्टेंबरच्या महादूतांच्या सणाच्या आगेमागे आत घेतो. यंदा शेंडा छताला टेकला. तो छाटावा, असे आम्हां दोघांपैकी एकाचे मत आहे. कपाट हलवून झाड जिन्याखालच्या उंच खिडकीशी न्यावे, असे दुसऱ्याचे. शिकायला दूर गेलेल्या लेकीने फोनवरून कपाट हलवण्याच्या बाजूने मत दिले आहे.