जोडीदार

श्रीपूर म्हटले की साखर आठवावी, लोहचुंबक नव्हे! पण यंदा आमच्या पुतणीने चालून आलेली बँकेतली नोकरी नाकारून चुंबकत्वावर संशोधन करायचे ठरवले. वहिनींनी अबोला धरला. दादा म्हणाले, "तूच विचार तिला, यात आहे तरी काय!"

मी विचारले. ती म्हणाली, "काका, अणू म्हणजे इवलाली चुंबके समजा. ती एका रांगेत बसली आहेत. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचे आहे, अन् त्यापलीकडच्याच्याही उलट. जमेल?"

"कसे जमणार? दिशा दोन, माणसे तीन!"

"मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी १९६९ साली याचे उत्तर दिले. पलीकडच्याबद्दलचा हट्ट शेजाऱ्याबद्दलच्या हट्टाच्या बरोबर निम्मा असला, की दोघे-दोघे शेजारी जोडी जमवतात आणि एकमेकांचे चुंबकत्व पुरते मिटवतात. मग बाकीच्यांशी भांडणच उरत नाही."

पुढे १९८१ साली श्रीराम शास्त्री आणि सदरलँड यांनी अशाच जोड्या रांगेऐवजी जाळीवर मांडल्या. निव्वळ कागदावरचे गणित! पण १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांना एका स्फटिकात हुबेहूब तीच जाळी आढळली.

मी दादांना एवढेच म्हटले, "गणित अठरा वर्षे थांबले. आपण पाच थांबू."

दादा अजून विचार करताहेत. वहिनींनी मात्र वसतिगृहावर न्यायच्या सामानाची यादी करायला घेतली आहे.