सेनियोकाठची भाकरी

आमच्या घरातून इटलीला पहिल्यांदा गेले ते हवालदार आजोबा. सरकारी खर्चानं, खांद्याला बंदूक लावून. माझ्या आजोबांचे हे थोरले भाऊ. कापड्याहून पायी पोलादपूर, तिथून महाड, आणि मग बेळगावला मराठा पलटणीत भरती. आमच्या भागात याचं कुणाला नवल नव्हतं. महाड तालुक्यातल्या एका आंबवड्याला तर लोक फौजी आंबवडेच म्हणतात. माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944 रोजी इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले, वय 22, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. एसटी माणगावला थांबली की आई आम्हाला नमस्कार करायला लावायची. इटली म्हणजे आपली माणसं जिथं मरतात तो मुलूख, एवढाच भूगोल मला बरीच वर्षं ठाऊक होता.

आजोबा मात्र लढाईबद्दल बोलत नसत. जेवणाबद्दल बोलत. 1945 च्या फेब्रुवारी-मार्चात त्यांची पलटण सेनियो नदीच्या अलीकडे होती. पलीकडे जर्मन. नदी तशी आपल्या सावित्रीपुढे किरकोळ, पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले मातीचे उंच बांध, आणि त्या बांधांच्या पोटात मशीनगनी. 9 एप्रिलला ती नदी ओलांडली तेव्हा त्याच पलटणीतल्या नामदेव जाधवांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून पाठीवर आणलं, मग एकट्यानं मशीनगनींची तीन ठाणी मोडली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही हकिकत मी नंतर पुस्तकात वाचली. आजोबांकडून ऐकली ती त्याच्या आधीच्या दिवसांतली एका शेतकऱ्याच्या घरची.

घराचं छप्पर अर्धं उडालेलं, माणसं तळघरात राहणारी. गुरं गेलेली. यांच्याकडे रेशनचा आटा आणि दुधाचे डबे होते, त्यांच्याकडे द्राक्षाचा पिंप. देवाणघेवाण झाली. ‘त्यांच्यातही भाकरी असते,’ आजोबा सांगत, ‘गव्हाची असते, पण भाकरीच. खापरावर भाजतात. आणि शेवया करतात त्या तिखटमिठाच्या.’ ओटीवर बसलेली मंडळी हसत. इंग्रज पाव खातो हे सगळ्यांना माहीत होतं. गोऱ्याच्या घरी खापर कुठून येणार? आजोबा चिडून सांगत की जमीन त्यांची नव्हती, पीक निघालं की अर्धं मालकाच्या घरी जायचं, आपल्याकडे अर्धेलीनं करतात तसंच. खोताच्या मुलुखात वाढलेल्या माणसाला हे दुभाष्याशिवाय कळलं होतं.

पिंपातल्या पेयाचं काय, हा प्रश्न कुणीतरी मुद्दाम काढायचं, कारण पेन्शनीत आल्यावर आजोबांनी माळ घातली होती. ते लपवत नसत. ‘प्यायलो. दारूसारखं नव्हतं ते. आपण जेवताना ताक घेतो तसं.’ आणि विषय संपवत.

आमच्याकडे दारूला एकच तोंड होतं. हातभट्टी. पगार घेऊन मुंबईहून आलेला माणूस होळीला रस्त्यात पडलेला, बायको त्याला उचलायला गेलेली. आधी राज्यात दारूबंदी होती तेव्हा चोरून, पुढे उघड. पुढे बायकांना मतदानानं दुकान बंद करता येऊ लागलं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, तेव्हा आईनं ती बातमी दोनदा वाचून घेतली होती. त्यामुळे ताकासारखी दारू ही गोष्ट मला आजोबांच्या म्हातारपणाची सूट वाटत असे.

नोकरीला मुंबईत आले, बँकेत. मुलींच्या वसतिगृहात एका रविवारी कुणीतरी पाकिटातली मॅकरोनी शिजवली, वरून टोमॅटोचं सॉस ओतलं आणि किसलेलं चीज. सगळ्याजणी वा वा म्हणाल्या. मला ती गिळगिळीत लागली. नाशकाची वाइन त्यामानानं उशिरा आली माझ्या वाट्याला. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात फेसाळ वाइन काढली होती, आणि 2000 साली नाशिकला सुलाची पहिली बाटली बाहेर आली. द्राक्ष म्हणजे बेदाणा किंवा निर्यात असं समजणाऱ्या जिल्ह्याला तिसरी वाट दिसली. बँकेची सहल तिकडे गेली होती. एका तरुणानं पेला कसा धरायचा, कसा गरगर फिरवायचा, नाक कुठे न्यायचं हे शिकवलं. आम्ही वीस-पंचवीस बायका पेले फिरवत उभ्या. वाइन वाईट नव्हती. पण समोर जेवण नव्हतं, शेंगदाणेसुद्धा नव्हते, आणि हे सगळं सोंग कशासाठी ते मला कळेना.

भावाची मुलगी बोलोन्याला शिकायला गेली आणि माझी निवृत्ती तिच्या दुसऱ्या वर्षात आली, म्हणून मी गेले. बोलोन्याला माणसं खाण्याबद्दल फार कडक. ताल्यातेल्ले नावाच्या शेवईची रुंदी तिथल्या व्यापार मंडळात 1972 सालापासून नोंदवून ठेवली आहे: शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. पेशव्यांच्या दप्तरात लाडवाचा घेर नोंदवल्यासारखं हे मला वाटलं, पण पुतणीनं दटावलं, ‘आत्या, इथे हसायचं नाही.’

तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीचं घर सेनियोच्या खोऱ्यात निघालं. काझोला वाल्सेनियोच्या बाजूला, डोंगरात. नदीचं नाव ऐकल्यावर मी जेवणाचं आमंत्रण न विचारता स्वीकारलं.

जाताना आधी खाली आल्फोन्सीनेला उतरलो. तिथे सेनियोच्या लढाईचं संग्रहालय आहे. दुसऱ्या दिवशी फोर्लीलाही गेलो. तिथल्या हिंदी सैनिकांच्या दफनभूमीत एक स्मारक आहे, ज्यांना अग्नी दिला त्या जवळपास 800 जणांच्या नावांचं. जाधव, शिंदे, मोरे अशी नावं वाचत पुतणी पुढे गेली, मी मागे राहिले. फारसं बोललो नाही आम्ही. त्या दफनभूमीबद्दल लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल.

मैत्रिणीच्या घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दगडी घर, खाली पूर्वीचा गोठा, आता तिथेच वाइनचं तळघर. मैत्रिणीचे आईवडील आणि आजी. आजीनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि सरळ पीठ पुढे केलं. गव्हाचं पीठ आणि पाणी, अंडंबिंडं नाही. पोळी लाटायची, बोटभर पट्ट्या कापायच्या, एकेक पट्टी दोन तळव्यांत फिरवून पीळ द्यायचा आणि वीतभर झाली की तोडायची. माझं लहानपण मे महिन्यात अंगणात बसून गव्हले करण्यात गेलं आहे. रुखवतात गव्हल्यांचं ताट नसेल तर आमच्याकडे लग्न पुरं होत नसे. पहिल्या दोन पट्ट्या जाड झाल्या, तिसरी जमली. आजी काहीतरी म्हणाली. पुतणीनं सांगितलं, ‘आत्या, ती विचारतेय की तुमच्याकडे हात असे फिरवायला कोण शिकवतं.’ माझ्या आईचं नाव मी सांगितलं. आजीनं ते तिच्या पद्धतीनं पुन्हा म्हटलं आणि पट्ट्यांचा आणखी एक ढीग माझ्यापुढे सरकवला.

शेवयांवर घालायला बांधावरची एक रानभाजी होती, स्त्रिदोली. एप्रिलात कोवळी मिळते, पुढे फुलं आली की कडवट होते. टाकळ्याचंही असंच. लसणीवर परतली, बाकी काही नाही. आणि मग आजीनं कपाटामागून एक काळं, जड, मातीचं खापर काढलं. माँतेतिफ्फी नावाच्या डोंगरी गावात अजून असली खापरं हातानं घडवतात. ते तापलं, त्यावर गव्हाची जाडसर पोळी पडली, फोड आले, काळे डाग उठले. पियादिना. ती दुमडून आत मऊ, आंबूस चीज घालून आजीनं माझ्या हातात दिली. ओटीवर हसणाऱ्यांपैकी आता कुणी उरलेलं नाही.

वाइन मैत्रिणीच्या वडिलांनी आणली, सोड्याच्या बाटलीला असतं तसल्या पत्र्याच्या बुचाची. आल्बाना जातीचं पांढरं द्राक्ष, पण सालांसकट आंबवलेलं, म्हणून रंग मधासारखा आणि थोडी गढूळ. तळाला गाळ. त्यांनी बाटली हलवली नाही, पेला फिरवला नाही, साध्या पाण्याच्या पेल्यात ओतली. विकतचं यीस्ट नाही, सालीवर आणि तळघरात जे असतं त्यावरच रस फसफसतो. गाळायचं नाही. टिकावी म्हणून गंधक घालायचं ते जवळपास नाहीच. याला जगात आता नॅचरल वाइन म्हणतात. या चळवळीचे जुने गुरू म्हणून फ्रान्सच्या बोजोले भागातल्या ज्यूल शोव्हे यांचं नाव घेतात. ते रसायनशास्त्र जाणणारे होते, अडाणी नव्हते. पॅरिसपासून टोकियोपर्यंत या बाटल्यांसाठी वेगळे बार आहेत आणि किमती अशा की यजमानांनाच हसू येत होतं. ते म्हणाले, त्यांचे आजोबा हेच करत, कारण दुसरं काही विकत घ्यायला पैसे नव्हते.

हे मला पटायला वेळ लागला नाही. नाचणी खाऊन वाढलेल्यांना लाज वाटायची, पाहुणा आला की भाकरी तांदळाची व्हायची. आज तीच नाचणी मुंबईत गुळगुळीत डब्यात बिस्किटं होऊन बसते. गरिबाच्या नाइलाजाला पन्नास वर्षांनी चव येते, आणि तोवर गरिबानं ती पिकवणं सोडलेलं असतं.

चव? आंबट, किंचित तुरट, जर्दाळूच्या सालीची आठवण देणारी. घोटभर घेतला की भाजीचा कडवटपणा पुढे यायचा, पुन्हा शेवई खावीशी वाटायची. एकटी ती मला आवडली नसती. जेवणाशिवाय तिला अर्थ नव्हता, आणि आजोबांना सूट देण्याची गरज नव्हती हे मला तेव्हा कळलं. आजीला मी आमच्याकडच्या हातभट्टीबद्दल सांगितलं. वाइनच्या देशात दारुडे नसतात असं मी कुठेतरी वाचलं होतं, तेही बोलले. आजी मोठ्यानं हसली. तिच्या काकानं जमिनीचा वाटा पिऊन संपवला होता. फक्त जेवताना पीत नसे, एवढंच.

आणि मग बोलणं पाण्यावर गेलं. मे 2023 मध्ये त्या खोऱ्यात आभाळ फुटलं होतं. खाली फाएन्झा शहर लामोनेच्या पाण्यात, वर डोंगर सुटत होते, रस्ते तुटलेले. यांच्या वेलांच्या खालच्या रांगा मातीसकट ओढ्यात गेल्या. यजमानांनी मोबाइलवर फोटो दाखवला: हिरव्या डोंगराला वरपासून खालपर्यंत तांबडी चीर. मी माझा मोबाइल काढला. 22 जुलै 2021. महाडच्या तळियेत दरडीखाली ऐंशीहून जास्त माणसं गेली. आमच्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी. तीच तांबडी चीर, तोच कोन. दोन्ही मोबाइल टेबलावर शेजारी ठेवले गेले आणि यजमानांनी विचारलं की वर झाडं होती का. होती, मी म्हटलं. आमच्याकडेही होती, ते म्हणाले. मग डोंगर का सुटतो यावर बराच वेळ चर्चा झाली. वरचे बांध कुणी राखत नाही, चर बुजलेले, तरुण माणसं शहरात. आमच्याकडची मुंबई आणि बडोद्याला, त्यांची बोलोन्या आणि मिलानला. उरलेल्या पिकावर रानडुक्कर येतं. इथेही, तिथेही. रानडुकराचा विषय निघाल्यावर आजीसुद्धा तावातावानं बोलू लागली आणि पुतणीला भाषांतर करवेना. गरजही नव्हती.

निघताना यजमानांनी एक बाटली दिली. ‘उन्हात ठेवू नका, उघडली तर संपवा,’ एवढंच सांगितलं. मुंबईला आणली, एका मैत्रिणीबरोबर अर्धी संपवली, उरलेली बूच दाबून फडताळात राहिली. मे महिन्यात कापड्याला जाताना भावाला चव दाखवावी म्हणून बरोबर घेतली. तो माळकरी, त्यानं नुसता वास घेतला आणि बाटली वहिनीकडे दिली. वहिनीनं बोट बुडवून पाहिलं. ‘अहो वन्सं, हे तर आंबून गेलंय पार.’ गंधक नसलेल्या वाइनचं आपल्या उन्हाळ्यात दुसरं काय होणार, शिरका झाला होता. फेकायचा जीव होईना तिला. मागच्या दारी बसून तिनं त्या शिरक्यानं तांब्याचं घंगाळ घासलं, आणि घंगाळ असं निघालं की शेजारीण विचारायला आली. देवाची उपकरणी मात्र वहिनीनं चिंचेनंच घासली.