आधी धुराडं, मग शेगडी

मिनेसोटा, व्हर्मॉन्ट, ऑन्टारिओ अशा कडाक्याच्या थंडीच्या मुलखात घरामागे एखादी लाकडी शेड असतेच. कुणी तिच्यात सुतारकाम करतो, कुणी जुनी मोटारसायकल उघडून बसतो. ऑक्टोबर आला की बोटं वळेनाशी होतात आणि मालकाची नजर जुन्या बाजारातल्या ओतीव लोखंडी शेगडीवर जाते. ती स्वस्तात मिळते. धुराडं मात्र नवंच घ्यावं लागतं आणि ते पुष्कळदा शेगडीपेक्षा महाग पडतं. मग भिंतीला भोक पाडून साधी पत्र्याची नळी बाहेर काढली जाते, वर टोपी बसते आणि पहिल्याच संध्याकाळी शेड छान उबदार होते.

प्रस्तुत लेखकाचं काम अशी धुराडी तपासण्याचं. मालक कौतुकाने शेगडी दाखवतो, लेखक मात्र आधी ते भोक बघतो.

शेगडीला स्वतःचा जोर नसतो. जोर असतो धुराड्याचा. ज्यांच्या घरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, त्यांना हे वेगळं सांगायला नको: मधली नळी तापली की धूर आपसूक वर ओढला जातो, ती गार असली की अख्खी न्हाणी धुराने भरते. नळी जितकी उंच आणि आतून जितकी गरम, तितकी ओढ जास्त. बरेच शेगडीवाले सुमारे १५ फूट धुराडं मागतात. शेडचं छप्पर असतं आठ-नऊ फुटांवर. त्यामुळे उरलेली उंची छपराच्या वर काढावी लागते, आणि ते दृश्य मालकाला आवडत नाही. अमेरिकेत धुराड्याच्या टोकाचा नियम तोंडपाठ असतो: छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून किमान ३ फूट वर, आणि आडव्या अंतराने १० फुटांच्या आत जे काही असेल त्याहून २ फूट उंच. हा आकडा किमान आहे. शेजारी घराची उंच भिंत असेल, तर तिच्यावरून खाली कोसळणारा वारा धुराला परत शेडमध्ये ढकलतो.

धुराला वळणं आवडत नाहीत, हे बेंजामिन फ्रँकलिनलाही भोवलं. १७४४ साली त्याने आपल्या नव्या शेगडीवर पुस्तिका छापली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने देऊ केलेलं पेटंट त्याने नाकारलं, कारण शोध सगळ्यांच्या उपयोगी पडावेत असं त्याचं मत होतं. पण त्या शेगडीत धूर आधी खाली उतरायचा आणि मग चिमणीत शिरायचा. सगळं नीट तापलेलं असेल तोवर ठीक. जरा गार झालं की धूर खोलीत. पुढे त्याच्याच काळातल्या डेव्हिड रिटनहाउसने धुराची वाट सोपी केली. नाव मात्र फ्रँकलिनचंच राहिलं. आजही शेडमध्ये दोन-दोन काटकोनी वळणं घेतलेल्या नळ्या दिसतात. शेगडीतून सरळ वर, छपरातून बाहेर, हीच वाट सर्वांत चांगली. उभी नळी शेडच्या आत असली की गरम राहते. बाहेरच्या भिंतीलगत चढवलेली नळी उणे वीस अंशांत गारठते.

गारठलेल्या नळीत दुसरं संकट वाढतं. धुरातली वाफ आणि डांबरी द्रव्यं थंड पत्र्यावर जमतात. हे क्रिओसोट. आधी काजळीसारखं भुरभुरीत, मग पापुद्र्यांचं, शेवटी काळ्या काचेसारखं चकचकीत. ते पेटलं की धुराड्यातून गाडी जावी तसा आवाज येतो आणि आतलं तापमान सुमारे ११०० अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकतं. याची सुरुवात बहुधा दोन गोष्टींतून होते. एक म्हणजे ओलं सरपण. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. जाळायचं लाकूड २० टक्क्यांच्या आत सुकलेलं हवं. दुसरी गोष्ट कुणाच्या डोक्यात येत नाही: गरजेपेक्षा मोठी शेगडी. चटईएवढ्या शेडमध्ये दिवाणखान्याची शेगडी ठेवली की पाऊण तासात घाम फुटतो. मग हवेची झडप आवळली जाते, आग गुदमरते, धूर थंडावतो आणि क्रिओसोट जमतं. लहान शेगडी, आणि तिच्यात खुली, भरभरून जळणारी आग, हे शेडसाठी केव्हाही बरं.

आता ते भोक. साध्या एकेरी पत्र्याच्या नळीने भिंत, माळा किंवा छप्पर यांतून जायचंच नसतं. तिथून पुढे आत इन्सुलेशन भरलेलं, दुहेरी भिंतीचं धुराडं लागतं. उत्तर अमेरिकेत अशी धुराडी १००० अंश फॅरनहाइटला सतत चालवून तपासतात, शिवाय दहा-दहा मिनिटं तीन वेळा २१०० अंशांचा मारा करतात. धुराड्यातली आग सोसली पाहिजे म्हणून. एवढं असूनही त्याच्याभोवती साधारण २ इंच मोकळी हवा सोडावी लागते. लोक तिथे ग्लासवूल कोंबतात. फट दिसली की बुजवायची, हा भल्या सुताराचा संस्कार इथे घात करतो.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. ताजं लाकूड पेटायला अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता लागते. पण तेच लाकूड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं तापत राहिलं की आतून कोळशासारखं होत जातं आणि पुष्कळच कमी तापमानाला पेट घेतं. म्हणून ‘सहा हिवाळे काही झालं नाही’ हा मालकाचा दाखला उलटा वाचायला हवा.

एकेरी नळीपासून जळू शकणारी भिंत १८ इंच दूर, आणि शेगडीच्या मागे पट्टी नसेल तर शेगडीपासून ३६ इंच. पट्टी म्हणजे प्रयोगशाळेत चाचणी होऊन मिळालेली धातूची पाटी. तिच्यावर त्या शेगडीची स्वतःची अंतरं छापलेली असतात आणि तीच पाळायची. छोट्या शेडमध्ये तीन फूट सोडणं जिवावर येतं, म्हणून लोक भिंतीवर विटा किंवा टाइल चिकटवतात. विटेतून उष्णता सावकाश का होईना, मागच्या लाकडात जातेच. खरा उपाय स्वस्त आहे: २४ गेजचा पत्रा, भिंतीपासून एक इंच पुढे, न जळणाऱ्या ठोकळ्यांवर, वर-खाली उघडा. मधून हवा वाहते आणि ३६ इंचांचे १२ होतात. जमिनीवरही न जळणारा थर हवा, आणि शेगडीच्या दारापुढे १८ इंच. ठिणग्या तिथेच उडतात.

नळीचे तुकडे जोडताना चुण्या असलेलं बारीक तोंड शेगडीकडे ठेवायचं. नवखा माणूस हमखास उलटं बसवतो. मग पाझरणारं क्रिओसोट सांध्यातून बाहेर गळतं. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न असतो: शेडमध्ये काय आहे? गवत कापायचं यंत्र आणि पेट्रोलचा डबा असेल तर चर्चा तिथेच संपते. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि शेगडीपर्यंत पोचते. निवासी गॅरेजमध्ये लाकडाची शेगडी अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंहितेला मंजूर नाही. रंधा-करवतीचा बारीक भुसा, वार्निशचे बोळे असतील तरी शेगडी नकोच.

आगीच्या या धोक्यावर फिनलंडने आपली वाट काढली. तिथल्या जुन्या धूर-सौनाला, म्हणजे अंग शेकायच्या खोलीला, धुराडंच नसतं: तासन्‌तास आग पेटवून दगड तापवायचे, आग विझू द्यायची, धूर बाहेर घालवायचा आणि मगच आत शिरायचं. असे सौना जळतात, हे गृहीत धरूनच ते घरापासून लांब, बहुधा पाण्याकाठी बांधले गेले.

सर्वांत फसवा क्षण आग विझतानाचा. ज्वाळा गेलेल्या असतात, निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात, धुराडं गार होऊन ओढ मंदावते, आणि ऊब टिकावी म्हणून कुणीतरी झडप बंद करतं. या वायूला वास नाही, रंग नाही. उत्तर भारतात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यांचं कारण हेच. शेड जितकी घट्ट, तितकी बाहेरून हवा आणणारी वेगळी नळी आवश्यक, आणि पन्नास डॉलरच्या आत येणारा मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर शेडमध्ये झोपायचं नाही.

राखेचं काय करायचं, हे तपासणीच्या शेवटी विचारलं जातं. राखेतले निखारे कित्येक दिवस जिवंत राहू शकतात. झाकणाची धातूची बादली, तीही लाकडी पायरीवर न ठेवता उघड्या जमिनीवर. अनेकांच्या शेडमध्ये या कामासाठी पुठ्ठ्याचा खोका असतो, आणि तो बहुतेक वेळा शेगडीला टेकलेला असतो.