वांग्यात घासाघीस, तेलात नाही!

आमचं घर छावणीत. गुरुवार म्हणजे छावणीचा आठवडी बाजार, आणि पिशव्या उचलायची ड्यूटी अर्थातच माझी! आई वांगी-भेंडीसाठी एकेका रुपयावरून घासाघीस करते. पण तेल घेताना कधीच नाही. "दिसायला सगळं तेल सारखंच असतं रे, पोटात गेल्यावर कळतं," हे तिचं ठरलेलं वाक्य.

बारावीनंतर पहिला गेमिंग पी.सी. जोडला तेव्हा मी नेमकं उलटं केलं. रंगीत लाईटवाली कॅबिनेट घेतली आणि पैसे वाचवायला बिननावाचा पॉवर सप्लाय. वर झोकात '५०० वॉट' छापलेलं! दुसऱ्या उन्हाळ्यात एका रात्री 'फट्' असा आवाज, जळका वास... सप्लाय गेला तो मदरबोर्डला घेऊनच. बाबा एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

यंदा त्यांनी आर.डी.चे पैसे काढून ४५ हजार हातावर ठेवले. "प्रोजेक्टसाठी ना?" मी म्हटलं, "हो." अर्धं खरं, अर्धं खोटं!

मग कागद-पेन घेऊन बसलो. जुन्या मशीनमधल्या ८ जी.बी.च्या दोन डी.डी.आर.४ रॅम शाबूत होत्या. २०२५ च्या अखेरीस ए.आय. डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, त्यामुळे नवी घेणं शक्यच नव्हतं. ए.एम.डी.च्या नव्या ए.एम.५ सॉकेटला डी.डी.आर.५ च लागते, म्हणून जुना ए.एम.४ धरला. त्यावर रायझन ५ ५६००. त्याचा मोठा भाऊ ५६००एक्स. पण कोअर दोघांचे सहाच, कमाल वेग ४.४ च्या जागी ४.६ गिगाहर्ट्झ. एवढ्यासाठी जादा पैसे कशाला? शिवाय कूलर डब्यातच मिळतो.

ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड, आर.एक्स. ६६००. पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्याच घरी अर्धा तास गेम चालवून तापमान बघितलं. घरचा मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा. तो सेकंदाला ६० च चित्रं दाखवणार, मग १४० फ्रेम काढणारं कार्ड घेऊन मिरवायचं कुणापुढे? जड गेममध्ये शॅडो 'अल्ट्रा'वरून 'मीडियम'वर आणल्या की काम भागतं, आणि पळापळीत सावल्या बघतो कोण! कॅबिनेट साधी काळी, पण पुढे जाळीची. आपल्याकडच्या मे महिन्यात हवा खेळायलाच हवी.

शेवटी पॉवर सप्लाय. दुकानदार म्हणाला, "यापेक्षा स्वस्तात देतो की, वॉट तेवढेच." मला आईचं तेल आठवलं. चांगल्या कंपनीचा, ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ, वॉरंटीवाला घेतला. एक रुपयाची घासाघीस नाही.

सगळं होऊन ३,२०० रुपये उरले. ते बाबांना परत देताना राहवेना. म्हटलं, "बाबा, खरं सांगू? प्रोजेक्ट होईलच, पण घेतलाय गेमसाठी."

बाबा पैसे मोजत म्हणाले, "ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पैसे परत येतील असं मात्र वाटलं नव्हतं."

तर हॉस्टेलवाल्या मित्रांनो, कुणाला पी.सी. जोडायचा असेल तर गुरुवारी छावणीत या. सल्ला फुकट. पिशव्या मात्र तुम्ही उचलायच्या!