बाबांचा फोन, लिनक्स आणि कन्व्हेयन्स

बाबांचा फोन सहा वर्षांचा. बॅटरी बरी, स्क्रीनला एक ओरखडा नाही, पण कंपनीने अपडेट्स देणं कधीच थांबवलंय. नवीन घेऊ म्हटलं की बाबांचं ठरलेलं उत्तर, "चालतोय ना? मग टाकायचा कशाला?" गेल्या शनिवारी मोकळाच होतो. म्हटलं, यावर लिनिएजओएस टाकू.

पण त्याआधी बूटलोडर अनलॉक करायचा तर कंपनीच्या सर्व्हरकडे परवानगी मागायची आणि आठवडाभर थांबायचं! बाबा शेजारीच पेपर वाचत होते. म्हणाले, "अरे, तूच म्हणतोस ना अँड्रॉइड म्हणजे लिनक्स, आणि लिनक्स सगळ्यांचं? मग कंपनीला विचारायचं कशाला?"

झाली ना पंचाईत! रोज हिंजवडीत जाऊन लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला हे नीट सांगता येऊ नये?

तर, कर्नल लिनक्सच आहे, त्यात वाद नाही. मधे काही वर्षं दोघांचं बिनसलं होतं. २०१० मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमनने अँड्रॉइडचे ड्रायव्हर्स मुख्य कर्नलमधून काढून टाकले, २०१२ मध्ये ३.३ च्या वेळी ते परत आले. पण कर्नलच्या वर आपल्या ओळखीचं फारसं काही नाही. जीलिबसीऐवजी बायोनिक, एक्स नाही, सगळा संसार वेगळा. आमच्या वॉचमनकाकांकडे २०१७ साली आलेला जिओफोन आहे, त्यातल्या कायओएसखालीही लिनक्स कर्नलच आहे. त्याला लिनक्स म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. त्यामुळे नावाचा वाद मी तरी सोडून दिलाय.

ओपन सोर्सचं काय? एओएसपीचा बहुतेक कोड अपाचे लायसन्सखाली, म्हणजे कंपनीने घ्यावा, बदलावा आणि बदल स्वतःकडेच ठेवावेत. नोटिफिकेशन, लोकेशन वगैरे ज्यावर असंख्य अ‍ॅप्स अवलंबून असतात, त्या प्ले सर्व्हिसेस तर बंदच. मार्च २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की डेव्हलपमेंट आता दाराआड होणार, कोड रिलीजनंतर मिळेल. (२०११ मध्ये हनीकोंबचा कोडही असाच कित्येक महिने अडवून ठेवला होता.)

कर्नल मात्र जीपीएल व्ही२. फोन विकलात की कर्नलचा सोर्स द्यावाच लागतो. पण तो बदलून त्याच फोनवर चालवायची किल्ली द्या, असं व्ही२ म्हणत नाही. ते कलम २००७ च्या व्ही३ मध्ये आलं, आणि टोरवाल्ड्सने कर्नल व्ही२ वरच ठेवला. मला तो निर्णय आजही पटत नाही.

बाबांना सांगितलं, "आपल्या सोसायटीसारखं आहे. नकाशा हातात, फ्लॅट आपला, पण कन्व्हेयन्स बिल्डरने केलेलाच नाही." हे त्यांना लगेच कळलं. (सूसमध्ये हे कुणालाही लगेच कळेल.) आणि निदान महाराष्ट्रात डीम्ड कन्व्हेयन्सची सोय आहे. फोनसाठी तेही नाही.

आठवड्याने परवानगी आली, लिनिएज टाकलं, वर गूगलची अ‍ॅप्स टाकली. सिक्युरिटी पॅच ताजा, फोन लोण्यासारखा चालायला लागला. मी खूश!

संध्याकाळी सूस रोडला भाजी घ्यायला गेलो. बाबांनी कोड स्कॅन केला आणि पेमेंट अ‍ॅप म्हणालं, हा फोन सुरक्षित नाही. म्हणजे बघा, कित्येक वर्षं पॅच न मिळालेला फोन कुलूपबंद होता म्हणून चालत होता, आणि आता दुरुस्त केला तर चालेना. भाजीवाल्या मावशी वाट बघत होत्या, मागे लोक खोळंबलेले.

"काल चालत होतं रे," बाबा एवढंच म्हणाले आणि खिशातून पन्नासाची नोट काढली.

रविवारी कंपनीची जुनी सिस्टीम परत टाकली, बूटलोडर लॉक केला. पेमेंट सुरू झालं. पॅच अर्थातच पुन्हा जुना.